मामाची गाडी, ७५ टक्के आणि थोडासा गंज

पीएचडी करणाऱ्या मुलीला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात: ‘कधी संपणार?’ आणि ‘संपल्यावर काय?’ या पावसाळ्यात पहिल्यांदाच मला तिसरा प्रश्न आला, आणि तोही थेट माझ्या विषयातला. फोन केळव्याहून, मामाचा. ‘अगं, तू ते विम्याचंच काहीतरी करतेस ना? मग एक सांग. चार लाखांची गाडी दुरुस्त करायला चार लाख दहा हजार लागतात, आणि तरी म्हणे ती दुरुस्तच करायची. हे कुठलं गणित?’

झालं असं, की मामा तारापूर एमआयडीसीत कामाला आहे. रात्रपाळी संपवून पहाटे पावसात घरी येत होता. उमरोळीच्या आसपास समोरून एक टेम्पो ओव्हरटेक करत सरळ अंगावर आला. मामाने गाडी डावीकडे दाबली, ती मोरीच्या कठड्याला आपटून चरात उतरली. मामाच्या मनगटाला प्लॅस्टर, बाकी ठीक. टेम्पो थांबला नाही आणि त्याचा नंबर कोणी घेतला नाही. (नंबर असता तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर नुकसानीचा दावा करता आला असता. तो रस्ता तिथेच बंद झाला.) क्रेनने गाडी बोईसरच्या गॅरेजात आली. पॉलिसीवर गाडीची किंमत ४,००,००० रुपये, गॅरेजचं एस्टिमेट ४,१०,०००. मामाच्या मते विषय मिटला होता: गाडी गेली, कंपनीने पैसे द्यावेत. पण सर्व्हेयर आला, फोटो काढले, आणि अहवालात लिहिलं की नुकसान दुरुस्त होण्याजोगं आहे. कंपनी २,७१,००० देणार, उरलेले १,३९,००० मामाने भरायचे.

मी दोन वर्षं या विषयावरचे पेपर वाचतेय. तरी मामाच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर.

पहिल्यांदा ती चार लाखांची किंमत. पॉलिसीवर जी ‘आयडीव्ही’ लिहिलेली असते, ती म्हणजे विमा घेताना दोघांनी मान्य केलेली गाडीची किंमत. कंपनीच्या त्या मॉडेलच्या सध्याच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५०. पाच वर्षांनंतर ठरलेला तक्ता नाही, कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. हा तक्ता २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधला आहे. २००७ पासून कंपन्यांना स्वतःचे दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण पॉलिसीची भाषा बरीचशी तीच राहिली. तुमच्या गाडीच्या पॉलिसीची प्रत काढून बघा, बारीक अक्षरातली वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी सापडतील.

त्याच भाषेत आपली रेघ आहे. गाडी बाहेर काढण्याचा आणि/किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटी-शर्तींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरायची. म्हणजे गाडी जळून कोळसा झालेली नाही, दुरुस्त करता येईल, पण करण्यात अर्थ नाही. मामाच्या बाबतीत ही रेघ ३,००,००० वर येते. एस्टिमेट ४,१०,०००. मग रेघ ओलांडली ना?

नाही. सगळी मेख ‘अटी-शर्तींच्या अधीन राहून’ या चार शब्दांत आहे.

कंपनी दुरुस्तीचं पूर्ण बिल कधीच देत नाही. जुन्या पार्टच्या जागी नवा बसला की त्यावर घसारा कापते. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के. फायबरवर ३०. काचेवर शून्य. पत्रा आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, मामाची गाडी चार वर्षं ओलांडलेली म्हणून ३५ टक्के. रंगकामात फक्त मालाच्या किमतीवर ५० टक्के, आणि बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरायचा. मजुरीवर काही नाही. आता मामाचं एस्टिमेट या चाळणीतून काढू:

धातूचे भाग १,८०,०००, त्यातून ६३,००० गेले, उरले १,१७,०००.
बंपर, हेडलाइट, डॅशबोर्ड, दोन एअरबॅग मिळून १,४०,०००, निम्मे गेले, उरले ७०,०००.
समोरची काच १२,०००, पूर्ण मान्य.
रंग ४०,०००, त्यातून ५,००० गेले, उरले ३५,०००.
मजुरी ३८,०००, पूर्ण मान्य.

बेरीज २,७२,०००. आयडीव्हीच्या ६८ टक्के. सर्व्हेयर हा आकडा ७५ टक्क्यांशी ताडून बघतो, गॅरेजचा ४,१०,००० नाही. त्यातून सक्तीची कपात १,००० (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढीच) गेली की कंपनीचे २,७१,०००. सर्व्हेयरने चूक केली नव्हती. त्याने पॉलिसी वाचली होती, मामाने नव्हती. खरं सांगायचं तर मीही माझ्या स्कूटीची वाचलेली नाही.

इथे थोडं थांबून कंपनीची बाजू मांडायला हवी, कारण घसारा म्हणजे लूट असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. चार वर्षं वापरलेला बंपर तुटला आणि त्याजागी कोरा मिळाला, तर फरक कोणी भरायचा? विम्याचं मूळ तत्त्व असं, की नुकसानीआधी तुम्ही जिथे होता तिथे तुम्हाला परत नेऊन ठेवायचं, वर नाही आणि खालीही नाही. त्या न्यायाने कपात बरोबर आहे. प्रश्न असा, की नवा बंपर, नवे दरवाजे, नव्या एअरबॅग बसवून मामाची गाडी आधीपेक्षा महाग झाली का? बाजारात जाऊन विचारा. ‘ठोकलेली आहे’ म्हटलं की किंमत पडते.

ती का पडते याचं उत्तर १९७० साली जॉर्ज अकरलॉफने दिलं. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर त्याने एक छोटा निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं, त्यात त्या निबंधाचा मोठा वाटा. गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा वाईटात वाईट धरून भाव पाडतो, आणि चांगली गाडी असलेल्यालाही तोच भाव मिळतो. गॅरेजने चॅसी बिनचूक सरळ केली असली तरी ते घेणाऱ्याला दिसत नाही. समजा मामाची दुरुस्त गाडी ३,००,००० ला जाईल. त्यासाठी त्याने स्वतःचे १,३९,००० घातलेले असतील. हातात राहिले १,६१,०००. टोटल लॉस झाला असता तर ३,९९,०००. फरक २,३८,००० चा.

कंपनीला किती फरक पडतो? टोटल लॉसमध्ये ती ३,९९,००० देते आणि सांगाडा तिच्याकडे जातो. सांगाड्याला समजा ८०,००० आले. तिचा निव्वळ खर्च ३,१९,०००. दुरुस्तीत २,७१,०००. म्हणजे कंपनीचे ४८,००० वाचावेत म्हणून मालकाचे २,३८,००० जातात. अशी देवघेव दोन शहाणी माणसं समोरासमोर बसून कधीच करणार नाहीत. मधे कुठेतरी सौदा ठरेल. पण नियमात सौद्याला जागा नाही. एक रेघ आहे, तिच्या अलीकडे एक जग, पलीकडे दुसरं.

आणि या रेघेच्या सूत्रात सांगाड्याची किंमत येतच नाही, हे मला सगळ्यात विचित्र वाटतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. फ्लोरिडात ८० टक्के, टेक्सासमध्ये थेट १०० टक्के. पण कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ठरावीक टक्काच नाही. तिथे दुरुस्तीचा खर्च अधिक सांगाड्याची किंमत गाडीच्या मूल्याहून जास्त झाली, की टोटल. हे सूत्र निदान योग्य प्रश्न तरी विचारतं.

गंमत म्हणजे मामाने ‘झिरो डेप’ घेतलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. त्यात पार्टवरचा घसारा कापत नाहीत, त्यामुळे देणं ४,१०,००० झालं असतं आणि रेघ पहिल्याच दिवशी ओलांडली असती. त्याने ते दोन वर्षं घेतलं होतं, तिसऱ्या वर्षी प्रीमियम कमी व्हावा म्हणून काढलं. आपल्याला वाटतं झिरो डेप म्हणजे बंपर-हेडलाइटचे पैसे वाचवणं. प्रत्यक्षात ते टोटल लॉसची रेघ तुमच्या जवळ आणून ठेवतं, आणि हे विकणारा एजंटही सांगत नाही. उलट ‘रिटर्न टू इनव्हॉइस’, म्हणजे गाडी गेली तर आयडीव्हीऐवजी मूळ बिलाची रक्कम देणारं कव्हर, फक्त टोटल लॉस किंवा चोरीत चालतं. ते असेल तर मालकाला टोटल हवीच हवी आणि कंपनीला नकोच नको. दोघांचं बोलणं पहिल्या फोनपासून बिनसतं.

ही ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ची कल्पना मोटारींची नाहीच, जहाजांची आहे. आमच्याकडे सातपाटीला होड्या, केळव्याला समुद्र, म्हणून मला हे जरा जास्तच आवडलं. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात ती आहे, आणि तो कायदा ब्रिटिशांच्या १९०६ च्या कायद्यावरून घेतलेला. तिथे दुरुस्तीचा खर्च दुरुस्त झालेल्या जहाजाच्या किमतीहून जास्त असेल, तर निवड मालकाची असते. त्याला वाटलं तर तो ते अंशतः नुकसान धरून दुरुस्ती करून घेईल, नाहीतर नोटीस देऊन जहाज विमा कंपनीच्या स्वाधीन करेल आणि पूर्ण रक्कम मागेल. मोटारीच्या पॉलिसीत उलटं आहे. दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची की रोख द्यायची, हा पर्याय कंपनीने स्वतःकडे ठेवलाय. कल्पना समुद्रातून रस्त्यावर आली, पण येताना सुकाणू मालकाच्या हातून गेलं.

आता गॅरेजकडे वळू. मामाला पक्का संशय होता की गॅरेजवाला आणि सर्व्हेयर ‘मिळालेले’ आहेत. मला तसं वाटत नाही, पण माझं उत्तर त्याहून दिलासादायक आहे असंही नाही.

१९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी काही सेवांसाठी एक वेगळा गट पाडला: ज्यांची गरज होती का, हे पैसे दिल्यानंतरही गिऱ्हाइकाला कळत नाही. डॉक्टर, वकील, मेकॅनिक. सस्पेंशनचा आर्म बदलला. तो खरंच वाकला होता का? गाडी नीट चालतेय, एवढंच आपल्याला कळतं. न बदलता चालली असती का, ते कधीच नाही. अशा बाजारात जास्तीचं काम लावणं हा अपवाद राहत नाही. त्यात विमा आला की काय होतं, हे ऑस्ट्रियात तीन संशोधकांनी छान तपासलं. त्यांनी मुद्दाम एकसारखा बिघाड केलेले कॉम्प्युटर वेगवेगळ्या दुकानांत दुरुस्तीला दिले. निम्म्या ठिकाणी नुसतं बिल मागितलं, निम्म्या ठिकाणी सांगितलं की बिल विमा कंपनीला द्यायचंय. बिघाड तोच, पण विम्याचं नाव काढलं तिथे सरासरी बिल ८० टक्क्यांहून जास्त वाढलं. २०१६ मध्ये हा पेपर आला. माझ्या गाईडने तो मला पहिल्याच आठवड्यात वाचायला दिला होता आणि म्हणाल्या होत्या, ‘हे वाच आणि मग गॅरेजात जा.’

आता हेच ७५ टक्क्यांच्या रेघेशेजारी ठेवून बघा. गॅरेजला बिल फुगवायचं असतं, पण रेघ ओलांडली की गाडी हातची जाते, काम मिळत नाही, नुसतं पार्किंगचं भाडं उरतं. म्हणजे गॅरेजचा फायदा रेघेच्या जरासं खाली आहे. सर्व्हेयर परवानाधारक असतो, मोठ्या दाव्याला तो नेमावाच लागतो (१९३८ च्या विमा कायद्यातलं ६४ यूएम कलम), आणि त्याने निष्पक्ष राहायचं असतं. पण त्याची फी कंपनी देते, पुढचं कामही कंपनीच देते. त्यालाही रेघेच्या खाली राहणं सुखाचं. मालकाला, विशेषतः कर्ज फेडून झालेल्या मालकाला, रेघेच्या वर जायचं असतं. कर्ज बाकी असेल तर चित्र अजून वेगळं, कारण टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे जातात आणि आयडीव्हीहून कर्ज जास्त असेल तर गाडीही गेली आणि हप्तेही उरले. तो माणूस उलट दुरुस्तीसाठी भांडतो. अशीही भांडणं भरपूर असतात: कंपनी म्हणते टोटल, मालक म्हणतो माझी गाडी मला नीट करून द्या.

म्हणजे कोणी कोणाला भेटायची, चहा पाजायची गरज नाही. प्रत्येकाने आपापल्या सोयीने आकडा थोडासा ढकलला तरी पुरे. अर्थशास्त्रात अशा रेघांच्या आसपास आकड्यांची गर्दी शोधायची एक पद्धत आहे. करसवलतीच्या मर्यादेच्या अगदी खाली पगारांची गर्दी दिसते, तशी. सर्व्हे अहवालांतले आकडे मांडले तर ७० ते ७५ टक्क्यांच्या पट्ट्यात गर्दी आणि ७५ च्या वर लगेच खड्डा दिसतो का, हा माझ्या प्रबंधाचा एक भाग आहे. कंपन्या असे अहवाल संशोधकांना सहज देत नाहीत, आणि त्यापायी माझं ‘कधी संपणार’ लांबलंय.

‘दुरुस्तीचा खर्च’ हा एकच आकडा नसतो, हेही लक्षात ठेवा. अधिकृत शोरूममध्ये लागतील ४,१०,०००. तोच सांगाडा घेणारा व्यापारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेले दरवाजे आणि हेडलाइट आणतो, आपल्या माणसाकडून पत्रा ठोकून घेतो, आणि कितीतरी कमी पैशांत गाडी उभी करतो. त्यालाच सांगाड्याची किंमत परवडते. पुढे ती गाडी कुठल्या जिल्ह्यात, कोणाला, काय सांगून विकली जाते हा वेगळाच विषय. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार गाडी नष्ट किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. दुरुस्त होण्याजोगी पण ‘टोटल’ ठरलेली गाडी या व्याख्येत बसते का, इथे घोळ आहे. चोरीच्या गाडीवर टोटल लॉसवाल्या गाडीचा चॅसी नंबर आणि कागद चढवायचा धंदा याच फटीतून चालतो. ब्रिटनमध्ये २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग केलेत, ए, बी, एस आणि एन. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार लागलेली, ‘एन’ म्हणजे न लागलेली. शिक्का नोंदीत राहतो, घेणाऱ्याला बघता येतो. आपल्याकडे घेणाऱ्याने बॉनेट उघडून रंगाची छटा बघायची.

मामाला मी एवढंच सांगितलं: सही करू नकोस, सर्व्हे अहवालाची प्रत लेखी माग, आणि गाडी उघडून तपासणी होऊ दे. सर्व्हेयर पहिल्यांदा बघतो ते बाहेरून. चरात उतरलेल्या गाडीचं खालचं नुकसान इंजिन उतरवल्याशिवाय कळत नाही. मग गॅरेज पुरवणी एस्टिमेट देतं आणि सर्व्हेयर पुन्हा येतो. मामाच्या गाडीचा सबफ्रेम वाकलेला निघाला, स्टिअरिंग रॅक गेलेला, आणि खालचा एक आडवा तुळईसारखा भाग फाटलेला. धातूचे भाग ४०,०००, घसाऱ्यानंतर २६,०००, वर मजुरी ६,०००. आधीचे २,७२,००० मिळवून ३,०४,०००. शहात्तर टक्के! मामाने मला व्हॉट्सॲपवर लाडवाचा फोटो पाठवला.

आणि इथे केळवं आडवं आलं.

समुद्राकाठच्या गाड्यांची एक स्वतःची आयुष्यरेषा असते. सुरूच्या बनापलीकडे लाटा, वाऱ्यात खार, अंगणात उभी गाडी. वरून चकचकीत, खाली हात लावला की भुगा. सर्व्हेयरने तो फाटलेला आडवा भाग बघितला आणि लिहिलं: जुना गंज, अपघाताशी संबंध नाही, अमान्य. पॉलिसीत झीज आणि गंज वगळलेला असतो, त्यामुळे हे लिहायचा त्याला अधिकार आहे. त्या भागाची किंमत १२,०००, घसाऱ्यानंतर ७,८००. ते वजा केले की २,९६,२००. गाडी बाहेर काढायचा खर्चही सूत्रात येतो, पण तोही अटींच्या अधीन: क्रेनवाल्याने घेतले ६,५००, पॉलिसी देते कमाल १,५००. एकूण २,९७,७००. म्हणजे ७४.४ टक्के. रेघ २,३०० रुपयांवर.

सात हजार आठशेच्या एका गंजलेल्या तुकड्यावर आता मामाचे अडीच लाख अडकलेत.

तुकडा गंजलेला होता हे मामाही नाकारत नाही. त्याचं म्हणणं, ‘गंजलेला होता, पण अखंड होता ना! कठड्यावर आपटल्यावरच फाटला.’ मला हा युक्तिवाद भक्कम वाटतो. म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ असतं, म्हणून गाडीने उडवल्यावर ते मोडलं तर दोष वयाचा का? ठिसूळपणाबद्दल घसारा कापा, ३५ टक्के कापलाच आहे. पण पूर्ण रक्कम नाकारणं म्हणजे एकाच वयाचे पैसे दोनदा वसूल करणं झालं. मामाकडे दीड वर्षापूर्वीचं खालून अँटी-रस्ट कोटिंग केल्याचं बिल सापडलं. मामी सगळी बिलं बिस्किटाच्या डब्यात ठेवते. त्या बिलावर वर्कशॉपने खालची पाहणी ‘ठीक’ अशी खूण केली आहे. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मौल्यवान कागद तो.

खाऱ्या पाण्याचं प्रकरण तर याहून वाईट. केळव्याच्या किनाऱ्यावर हौशी पर्यटक गाडी वाळूत घालतात, भरती चढते, चाकं रुततात, मग ट्रॅक्टर शोधायची धावपळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या बुडाल्या, तेव्हा निदान ते बरंचसं गोडं पाणी होतं. समुद्राचं पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलं की सुकवून भागत नाही, मीठ आतच राहतं आणि तांबं महिनोन्‌महिने खात बसतं. पहिल्या आठवड्यातलं एस्टिमेट ४० टक्क्यांचं असेल, सहा महिन्यांनी गाडी रस्त्यात बंद पडेल, आणि तेव्हा दावा मिटलेला असेल. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन बसलं, तर ते पाण्याचं नाही, तुमच्या कृतीचं नुकसान, असं कंपन्या म्हणतात. इंजिनचं वेगळं कव्हर त्यासाठीच विकतात. म्हणून किनाऱ्यावर गाडी अडकली तर चावीला हात लावू नका. आणि मुळात गाडी वाळूत घालू नका, हे आमच्या गावच्या वतीने.

तर मामाने पुढे काय केलं? सर्व्हेयरचा अहवाल अंतिम असतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. २००९ मध्ये न्यू इंडिया अॅशुरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सर्व्हे अहवाल दाव्याचा पाया असू शकतो, पण तो कंपनीवर किंवा विमाधारकावर बंधनकारक नाही. त्याच वर्षी श्री वेंकटेश्वरा सिंडिकेटच्या प्रकरणात असंही म्हटलं, की मनासारखा अहवाल येईपर्यंत कंपनी एकामागून एक सर्व्हेयर नेमत राहू शकत नाही. आणि २००८ चं धर्मेंद्र गोयल प्रकरण तर प्रत्येक गाडीमालकाने ऐकावं: कंपनीने पॉलिसी देताना ३,५४,००० ही किंमत मान्य केली, त्यावर प्रीमियम घेतला, आणि सात महिन्यांत अपघात झाल्यावर गाडीची किंमतच खाली खेचायला निघाली. न्यायालयाने कंपन्यांच्या या ‘घ्यायचं तर घ्या’ वृत्तीवर कडक शब्दांत बोट ठेवलं.

मामाने आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. उत्तर आलं, तीन ओळींचं, ‘अहवालानुसार योग्य’. पुढे दोन वाटा होत्या. एक ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, व्याज आणि त्रासाबद्दल भरपाईही मागता येते, पण तारखा पडतात. दुसरी विमा लोकपाल: कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात जायचं, फी नाही, वकील लागत नाही किंबहुना चालत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक. तो पटला नाही तर मालकाला पुढे जायची वाट मोकळी असते. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र जाता येत नाही. मामाने लोकपाल निवडला. अर्ज मी लिहिला. माझ्या प्रबंधातलं एकही प्रकरण मी इतक्या काळजीने लिहिलेलं नाही. पानभर अर्ज, सोबत दोन्ही सर्व्हे अहवाल, आकडेमोड, फाटलेल्या भागाचे जवळून फोटो (फाटलेली कड चकचकीत आहे, गंजलेली नाही, हे त्यात दिसतं) आणि बिस्किटाच्या डब्यातलं ते बिल.

दरम्यान कंपनीने तोंडी एक मधला मार्ग सुचवला: सांगाडा मामाने ठेवायचा आणि सांगाड्याची किंमत वजा करून उरलेली रक्कम घ्यायची. रेघ ओलांडलीच नाही म्हणणाऱ्यांनी हा मार्ग सुचवावा, याचा अर्थ मी आपल्या परीने लावलाय. मामाने लेखी मागितलं, तेव्हापासून तो फोन परत आलेला नाही.

सध्या मामा केळवे रोडवरून डहाणू लोकलने बोईसरला जातो. रात्रपाळीला गाड्यांचं वेळापत्रक जुळत नाही, म्हणून दिवसपाळी मागून घेतली आहे, त्यात भत्ता गेला. गाडी गॅरेजच्या मागच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली आहे. लोकपालांच्या सुनावणीची तारीख यायची आहे. गॅरेजवाल्याने दिवसाला दोनशे पार्किंग लावलंय, आणि ताडपत्रीचे वेगळे.